सुंद्राक्काची हाक

फार वर्षांपूर्वी, खडकोळीच्या डोंगरावर विजेचा खांब नव्हता आणि कर्णा कशाशी खातात हे कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हाही पाणाईची जत्रा आजच्यासारखीच दाटीवाटीची भरायची. चैत्रातलं ऊन डोक्यावर घेऊन लांबलांबच्या मुलखातून माणसं यायची. बैलगाड्या नदीकाठी सोडायची, डोंगर चढून देवीला आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य दाखवायची आणि मग जत्रा बघायला मोकळी व्हायची. बघायला तरी काय कमी होतं? बांगड्यांची दुकानं, रेवड्यांच्या पाट्या, कुस्त्यांचा आखाडा, तमाशाची कनात. या बाजूला मान वळवावी तर त्या बाजूचं माणूस नाहीसं व्हायचं.

जत्रेत कुणी हरवलं नाही तर ती जत्रा कसली, असं लोक हसून बोलायचे. ज्याचं माणूस हरवायचं तो मात्र हसत नसे.

त्या जत्रेत सुंद्राक्का होऊन गेली. ती जन्मली तेव्हा तिच्या पहिल्या रडण्यानं शेजारच्या घरातलं उतरंडीचं गाडगं तडकलं, असं म्हणतात. जरा मोठी झाल्यावर ती आईच्या कानात गुपित सांगायची आणि ते वेशीवरच्या चावडीत ऐकू जायचं. बघायला आलेल्या पाहुण्यांनी तिला नाव विचारलं, तिनं मान खाली घालून हळूच सांगितलं, तर बाहेर बांधलेली त्यांची घोडी दावं तोडून पळाली. पाहुणे घोडीच्या मागं गेले ते परत आलेच नाहीत. शेवटी खडकोळीच्या बिरू धनगरानं तिला पसंत केलं. बिरूला जरा कमी ऐकू यायचं. सुंद्राचा आवाज गोड आहे असं म्हणणारा साऱ्या मुलखात तो एकटाच.

दोघांचा संसार झकास चालला. बिरू मेंढरांच्या पुढं चालायचा आणि सुंद्रा मागं. एखादं कोकरू चुकून पलीकडच्या डोंगरावर गेलं, तर ती इकडूनच हाक मारायची आणि कोकरू निमूट माघारी वळायचं, असं म्हणतात.

एका वर्षी जत्रेत तिला एक चिमुरडी रडताना दिसली. सुंद्रानं नाव विचारलं, तर म्हणे बकुळा. गावाचं नाव विचारलं, तर म्हणे आमचं गाव. बापाचं नाव विचारलं, तर म्हणे दादा. आता एवढ्या खुणांवर कुणाचा बाप शोधायचा? सुंद्रानं पोरीला काखेत मारलं, देवळासमोरच्या थोरल्या धोंड्यावर चढली आणि छाती भरून हाक दिली, "बकुळाचं दादा, तुमची लेक हितं हाय."

त्या हाकेसरशी हलगी थांबली. आखाड्यातल्या पैलवानांनी एकमेकांचे हात सोडले. कढईत फुललेली भजी उलटायची राहिली. आणि गर्दीतून एक बाप पागोटं सावरत धावत आला. पोरीला घेऊन तो आधी हमसून रडला आणि मग तिच्यावरच रागावला, बापमाणसं तसंच करतात.

तेव्हापासून दर जत्रेत सुंद्रा धोंड्यावर बसायची. कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणाचं लेकरू, जे हरवेल त्याच्यासाठी तिच्याकडं लोक धावायचे. सुंद्राची सुंद्राक्का झाली. देवळातल्या गुरवानं पहिल्यांदा नाक मुरडलं होतं. देवीच्या दारात बाईनं कोकलणं बरं नव्हे, असं त्याचं म्हणणं. पुढं त्याची सासूच गर्दीत चुकली आणि बायकोच्या धाकानं त्याला धोंड्याकडं यावं लागलं. सासू सापडली. त्याला आनंद झाला की नाही, ते कुणी सांगत नाही. एका म्हातारीचा भाऊ तर मागच्या जत्रेतच हरवलेला होता. सुंद्राक्कानं त्याला हाक मारली तेव्हा तो कुठल्याशा परमुलखात विहिरीवर पाणी पीत होता. हातातला तांब्या तसाच ठेवून तो चालू लागला आणि पुढच्या जत्रेला बहिणीपुढं येऊन उभा राहिला, असं म्हणतात. खरं-खोटं पाणाई जाणे.

अडचण एकाच ठिकाणी यायची. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही त्या काळची रीत. नवरा हरवलेली बाई धोंड्याशी यायची आणि नुसती पदराशी चाळा करत उभी राहायची.

"कुणाला हाक मारू गं?"

"आमच्या ह्यांना."

"नाव काय त्यांचं?"

"काय तरी काय इचारता आक्का."

मग कुणी सांगायची, बेल वाहतात त्या देवाचं नाव. सुंद्राक्का शंकर म्हणून हाक मारायची, आणि जत्रेतले झाडून सगळे शंकर धोंड्यापुढं गोळा व्हायचे. त्यातला आपला कुठला हे बोटानं दाखवायचीही त्या बाईला लाज. अखेर सुंद्राक्कानं युक्ती काढली. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं ना? मग इथंही उखाण्यातच घ्या. बाई तिच्या कानात उखाणा सांगायची आणि सुंद्राक्का तो जसाच्या तसा साऱ्या डोंगराला ऐकवायची.

*रेवड्यांच्या पाटीला गुळाचा वास,*
*खाशाबा बसले खात, मला घडला उपास.*

की खाशाबा तोंड पुसत हजर. किंवा,

*नव्या कोऱ्या पटक्याला जरीचा काठ,*
*तुकोजी सोडीनात तमाशाची पाठ.*

हा तुकोजी कनातीतून बाहेर आला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि अख्खी जत्रा पोट धरून हसत होती. नंतर नंतर तर नवरा शेजारी उभा असतानाही काही बायका तो हरवलाय म्हणून यायला लागल्या. वर्षभराचं साठलेलं बोलायला एवढी चांगली जागा दुसरी कुठली होती?

अशी बरीच वर्षं गेली. मग एका साली पाऊसपाणी चांगलं झालं, आणि नवस फेडायला एवढी माणसं लोटली की डोंगराचा दगड दिसेना. सुंद्राक्कानं सगळी जत्रा हाका मारल्या. तहान विसरली, भाकरी विसरली. शेवटच्या दिवशी सकाळी तिनं बिरूला उठवायला तोंड उघडलं, तर नुसता वारा आला. घसा पार बसला होता. ती गरम पाणी प्यायली, तिनं हळद चाटली, देवीचा अंगारा जिभेवर ठेवला. काही उपयोग झाला नाही.

तिनं कुणाला सांगितलं नाही. ज्या आवाजापायी माहेरी बोलणी खाल्ली, त्याच आवाजानं तिला साऱ्या मुलखाची आक्का केलं होतं. तो गेला तर आपण कोण? ती तोंडावर पदर धरून धोंड्याच्या आडोशाला बसून राहिली आणि आज कुणी हरवू नये म्हणून देवीला विनवत राहिली.

दुपार कलली आणि जत्रा फुटली. फुटली म्हणजे परतीला लागली. तेव्हा नदीवर पूल नव्हता. एका उथळ उतारातून एकामागं एक गाडी पाण्यात घालायची, म्हणून गाड्यांची ही लांब रांग लागायची. आणि निरोपाचा नारळ फोडून गाडी एकदा पैलतीराला लागली की ती माघारी वळवायची नाही, असा नेम होता. वळवली तर देवीनं दिलेलं तिच्याच दारात परत टाकल्यासारखं होतं, अशी समजूत. अजून आहे.

तेवढ्यात एक पोर धोंड्याशी आली. पोर म्हणजे नवी नवरी, अंगावरच्या हळदीचा रंगही पुरता उतरला नसेल. तिचं नाव तुळसा.

"आक्का," ती म्हणाली, "आमची माणसं गेली."

तिला सासूनं अंगारा आणायला पाठवलं होतं. देवळात रांग मोठी. अंगाऱ्याची पुडी घेऊन ती डोंगरावरच्या मुक्कामाच्या झाडाखाली आली, तर तिथं चुलीची राख तेवढी उरलेली. घरच्या दोन गाड्या होत्या, एक पुरुषांची, एक बायकांची. दोन्ही निघून गेल्या होत्या. धोंड्याशी उभी राहून तिनं बोटानं दाखवल्या. निळ्या रंगवलेल्या शिंगांचे बैल खाली उताराजवळ पोचले होते, पुढं दोन-चारच गाड्या. आणि मधली डोंगराची सगळी उतरण माणसांनी गच्च भरलेली. धावत गेली असती तरी निम्म्या वाटेत दिवे लागले असते.

गाव मुक्काम करत करत जावं लागेल इतकं लांब. तिला धड वाटही माहीत नव्हती. आणि वाट माहीत असून तरी काय? रात्र परक्या ठिकाणी काढलेल्या सुनेला उंबरा ओलांडू द्यायचा की नाही, यावर तेव्हा गावोगाव चावड्या भरायच्या. तसली एक बाई सुंद्राक्काच्या माहेरी होती. तिचा काही दोष नव्हता. ती जन्मभर भावाच्या गोठ्यात राहिली. सुंद्राक्काला ती बाई आठवली.

ती उठली आणि धोंड्यावर चढली. तिला वर चढलेली बघताच नेहमीप्रमाणे हलगी थांबली, बोलणं थांबलं, माणसं माना वर करून उभी राहिली. सुंद्राक्कानं छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि हाक आलीच नाही.

सारी जत्रा बघत होती. सुंद्राक्काला वाटलं, धोंडा दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. असं म्हणतात की त्या वेळी तिनं देवळाकडं वळून पाणाईला मनातल्या मनात चांगल्या दोन शिव्या हासडल्या. आणि देवीला आपल्या माणसांच्या शिव्या चालतात, कारण त्याच क्षणी सुंद्राक्काच्या ध्यानात आलं की आवाज नसला तरी ही शांतता आहे. ती आपल्यासाठी थांबलेली आहे. तिनं तुळसाला हाताला धरून वर ओढलं आणि तिच्या कानाशी नुसत्या वाऱ्यानं म्हणाली, "नाव घे."

"मला न्हाई येत. लग्नातला उखाणा मी इसरले."

"नवा कर."

तुळसानं खाली पाहिलं. निळ्या शिंगांच्या बैलांपुढं आता एकच गाडी होती. तिनं डोळे मिटले. आवाज कसला, चिमणीएवढा. पण त्या शांततेत जवळच्या बायकांना ऐकू आला.

*उताराला लागली गाड्यांची रांग,*
*दौलतराव गेले पुढं, पाणाई, त्यांना सांग.*

सुंद्राक्कानं त्या बायकांकडं बघून दोन्ही हात केले, मेंढरं वळवताना करतात तसे. बायका आधी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग एक म्हातारी उतरणीकडं तोंड करून उभी राहिली आणि तिनं तो उखाणा खालच्या बाईला सांगितला. तिनं तिच्या खालच्या बाईला. फुलवाल्या मालणीनं रेवडीवालीला, रेवडीवालीनं पोर पाजत बसलेल्या बाईला. पुरुषांनी काय केलं म्हणाल, तर उखाणा पुरुषाच्या तोंडी शोभत नाही म्हणून ते बाजूला सरकले. तेवढीच वाट मोकळी झाली, हाही उपकारच. नुसता निरोप असता तर वाटेत त्याचा पार चुथडा झाला असता. यमक होतं म्हणून तो न सांडता चालला. वरून सुंद्राक्काला ऐकू येत नव्हतं. पण माना वळताना दिसत होत्या, पदर हलताना दिसत होते, आणि ती हात करत राहिली.

शेवटी उखाणा अगदी नदीकाठच्या बांगडीवालीपर्यंत पोचला. तिचं नाव ठकूबाई कासारीण. आणि तिथं तो अडला. कारण ठकूबाईच्या नवऱ्याचं नावही दौलतच. दौलत कासार शेजारीच बसून बांगड्यांचे गठ्ठे बांधत होता.

"सांग की गं पुढं," वरची बाई म्हणाली. "गाडी पान्यात चालली."

"कशी सांगू? नाव घ्यायचं तर आग्रव नको का करायला कुणी? आपणहून घेत्यात व्हय नाव?" ठकूबाई कावरीबावरी झाली. "म्हातारी झाले तवापासून मला कुणी नाव घे म्हणलं न्हाई."

तिकडं पुढची गाडी पैलतीराला लागली. निळ्या शिंगांच्या बैलांनी पाण्यात पाय घातले.

तेव्हा दौलत कासारानं हातातला गठ्ठा खाली ठेवला. त्यानं आधी बैलांकडं पाहिलं, मग बायकोकडं.

"घे की गं," तो म्हणाला. "मी करतोय आग्रव."

मग ठकूबाईनं डोक्यावरून पदर घेतला, काठावर उभी राहिली आणि असा काही उखाणा घेतला की नदीतले मासेसुद्धा वर आले, असं म्हणतात. ती स्वतः तर जन्मभर सांगायची की तो आवाज माझा नव्हताच, आक्काचाच माझ्या गळ्यातून गेला.

रांगेत आणि पाण्यात दौलत बरेच होते. सगळ्यांनी कासरे ओढले. प्रत्येक दौलत मागं वळून आपली बायको आहे का ते बघू लागला. तुळसाचा दौलत पुरुषांच्या गाडीत पुढं बसला होता. दुपारपासून बायको त्याच्या नजरेला पडली नव्हती आणि त्याचा जीव वरखाली होत होता. पण आईबापांदेखत आपल्या बायकोची चौकशी करायची म्हणजे निर्लज्जपणाची कमाल, म्हणून तो बैलांच्या शेपट्यांकडं बघत गप्प बसलेला. उखाणा कानावर पडला तसा तो उठून उभा राहिला आणि मागच्या गाडीकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "तुळसा हाय का तिथं?"

"आमाला वाटलं तुमच्या गाडीत हाय," सासू म्हणाली.

"आमाला वाटलं तुमच्या."

गाडी ऐन पाण्यात उभी होती. पैलतीर लागला नव्हता, नेम मोडला नव्हता. दौलतनं पाण्यात उडी मारली आणि धोतर भिजवत डोंगराकडं धावत सुटला. वरून तुळसा धावली. मघाशी बाजूला सरलेल्या पुरुषांनी आणखी वाट दिली, आणि दोघं फुलवालीपाशी समोरासमोर आली. तिनं अंगाऱ्याची पुडी पुढं केली. त्यानं ती घेतली. काठावर आल्यावर सासूनं सुनेला जवळ ओढलं आणि विचारलं, "उखाणा कुणी शिकवला गं?"

"मीच केला."

"बरा हाय," सासू म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मग ठकूबाईनं वर तोंड करून एकच शब्द सांगितला, "गावली." तो शब्द आल्या वाटेनं परत वर निघाला. पोर पाजणाऱ्या बाईकडून रेवडीवालीकडं, रेवडीवालीकडून मालणीकडं. सगळ्यांत शेवटी त्या म्हातारीनं धोंड्याशी येऊन सुंद्राक्काच्या कानाशी वाकून सांगितलं, "गावली गं आक्का." सुंद्राक्का धोंड्यावर मटकन खाली बसली आणि आवाज न करता रडली, आवाज न करता हसली. आयुष्यभर हाका तिनंच मारल्या होत्या. आपल्यासाठी कुणीतरी निरोप घेऊन यावं, हे सुख तिला त्या दिवशी पहिल्यांदा मिळालं.

तिचा आवाज पुन्हा आला नाही. पाणाईनं तो तिच्याकडून काढून उतरणीवरच्या बायकांना थोडाथोडा वाटून टाकला, असं म्हणतात. सुंद्राक्काला त्याचं फार वाईट वाटलं असेल असं आपल्याला वाटतं, पण तसं नव्हतं. बिरू म्हणायचा, आता मला तिचं सगळं कळतं, आधी नुसतं ऐकू यायचं. दर जत्रेला ती धोंड्यावर जाऊन बसायची. हरवलेल्या माणसाचं नाव बायका वरून खाली न्यायच्या, आणि ती तेवढे हात करायची. एका चैत्रात ती बसल्या जागीच गेली. तिच्या अंगावर कुणी शाल घातली ते माहीत नाही, पण ती शाल बाजूला केली तेव्हा खाली सुंद्राक्का नव्हती, नुसता धोंडा होता, असं म्हणतात.

आता खडकोळीला पूल झाला आहे. डोंगरावर कर्णे आहेत, हरवलेल्यांसाठी पोलिसांचा वेगळा मांडव आहे, लांबून बसगाड्या आणि मोटारी भरभरून पर्यटक येतात आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. तरीही माणसं हरवतात, कारण डोंगरावर रेंज नाही आणि रेवड्या अजून चांगल्या मिळतात. पण शेवटच्या दिवशी दुपार कलली की सगळे कर्णे बंद होतात. कुणाला सांगावं लागत नाही. वाहनतळावर एकही इंजिन सुरू होत नाही, एसटीचा कंडक्टरही घंटी मारत नाही. धोंड्यापासून पुलापर्यंत बायका उभ्या राहतात आणि नावं घेतात. जीन्स घातलेल्या पोरी घेतात, नऊवारीतल्या म्हाताऱ्या घेतात. म्हाताऱ्यांना तर आवर्जून आग्रह करायचा, हा इथला नेमच आहे. आणि खाली प्रत्येक गाडीपाशी नवऱ्यानं आपल्या बायकोला सगळ्यांदेखत नावानं हाक मारायची. वर्षभर नुसतं 'अगं ए' करणारे काही जण तिथं क्षणभर अडखळतात, मग बायकोच हळूच नाव सुचवते आणि लोक हसतात.

सगळी माणसं आपापल्या गाडीत बसली, हे पक्कं झालं की पुलावरची बाई वर तोंड करून एक शब्द सांगते. तो शब्द बायकांच्या तोंडून डोंगर चढतो. अख्खी जत्रा, हजारो माणसं, तो वर पोचेपर्यंत गप्प उभी असतात. धोंड्याजवळची शेवटची बाई खाली वाकते, शेंदूर लावलेल्या दगडाला तोंड लावते आणि हळूच सांगते, "गावली गं आक्का, समदी गावली."

मग पहिली गाडी हलते.